बांधलेला अंगठा

सभागृहात पाय ठेवायला जागा नव्हती. खुर्च्या संपल्या तशी माणसं भिंतीला टेकली, भिंती संपल्या तशी पायऱ्यांवर बसली, आणि ज्यांना पायऱ्याही मिळाल्या नाहीत ती दारातून माना उंचावून बघत राहिली. छतावरचे सगळे पंखे पूर्ण वेगात गरगरत होते. व्यासपीठावर चाकाच्या खुर्चीत एक वयस्क शिंपी बसला होता. काही महिन्यांपूर्वी त्याच्या मेंदूत रक्ताची गुठळी अडकली, उजवं अंग लुळं पडलं आणि वाचा गेली. त्याच्या शेजारी, पांढऱ्या स्वेटरमध्ये, मौनगुरू उभे होते.

मौनगुरू हे नाव त्यांनी स्वतःच घेतलं होतं. मौनाविषयी ते पाऊण तास बोलले. मध्ये पाणी प्यायले आणि पुन्हा बोलले.

"मंडळी, वाचा जाते म्हणजे काय होतं? पुढच्या दाराला कुलूप लागतं. पण आत माणूस आहे की नाही? आहे! आम्ही फक्त मागचं दार उघडतो. शब्द म्हणजे श्वास आणि श्वास म्हणजे हवा. म्हणून हवा खेळती ठेवायची. हवा थांबली की शब्द थांबले. हे शास्त्र आहे बरं का, माझं मत नाही."

शास्त्र कुठलं, हे विचारायची कुणाला गरज वाटली नाही.

मग त्यांनी शिंप्याचा धडधाकट डावा हात हातात घेतला. त्यावर पांढरी पट्टी आधीच गुंडाळलेली होती. चार बोटांपैकी तीन आणि अंगठा पट्टीच्या आत, बाहेर एकटी तर्जनी. या पट्टीला ते मौनबंध म्हणत. समोर अक्षरपाटी आली, तिच्यावर सगळी मुळाक्षरं आणि एका बाजूला काने-मात्रे. गुरूंनी आपला तळवा शिंप्याच्या मनगटाखाली अलगद धरला आणि डोळे अर्धवट मिटले. पूर्ण मिटले नाहीत, ही गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी होती.

तर्जनी हलली. एका अक्षरावर थांबली, पुढच्या अक्षरावर गेली. प्रत्येक अक्षर गुरूंचा एक शिष्य मोठ्याने वाचत होता. मी. प्रकाशात. आहे.

सभागृहातून एक लांबलचक सुस्कारा निघाला. कुणीतरी हुंदका दिला. शिंप्याची बायको व्यासपीठावरच होती. तिने पदर तोंडाला लावून विचारलं, "अहो, मला ओळखलंत का?"

तर्जनी निघाली. तू माझी सावली.

इतक्या वर्षांच्या संसारात या शिंप्याच्या तोंडून निघालेलं सर्वांत हळवं वाक्य 'जेवलीस का?' हे होतं. पण आजारपण माणसाला बदलतं म्हणतात, आणि बदल चांगला असला की कुणी खोलात जात नाही.

"मुलीसाठी काही सांगायचंय का?" गुरूंनी विचारलं.

बाळ, मला तुझा अभिमान आहे.

सगळ्या माना तिसऱ्या रांगेकडे वळल्या. तिथे शिंप्याची एकुलती एक मुलगी बसली होती. तिने आता रडावं अशी सगळ्यांची अपेक्षा होती. शेजारच्या बाईंनी तर आपला रुमालही पुढे केला. मुलीने तो घेतला, हातात धरला आणि तशीच बसून राहिली. तिला काहीच वाटलं नाही. आनंद नाही, दुःख नाही, रागही नाही. सगळे तर्जनीकडे बघत होते म्हणून की काय, ती वडिलांच्या डोळ्यांकडे बघत होती.

वडील पाटीकडे बघतच नव्हते. त्यांची नजर वर होती, गरगरणाऱ्या पंख्यावर.

*

बाबा तिला टाचणी म्हणायचे. लहानपणी ती किडकिडीत होती आणि सारखी कुणाला तरी टोचायची, प्रश्न विचारून. आता ती विद्यापीठात उपयोजित मानसशास्त्र शिकत होती. पुढे समुपदेशक व्हायचं, खचलेल्या माणसांना उभं राहायला मदत करायची, असं तिने शाळेतच ठरवलं होतं. आठवड्यातले काही दिवस वर्ग आणि काही दिवस रुग्णालयाच्या पुनर्वसन विभागात प्रत्यक्ष काम. तिथे ती अपघातात हातपाय गमावलेल्या माणसांसमोर बसायची, त्यांचं ऐकून घ्यायची.

बाबा पडले त्या दिवसापासून तिच्या आतलं काहीतरी बंद पडलं होतं. ती वेळेवर उठायची, बाबांना पुसून काढायची, बस पकडायची, वर्गात उत्तरं द्यायची. एका रुग्णाने आपल्या मुलीविषयी सांगताना तिच्यासमोर ढसाढसा रडून घेतलं, तेव्हा तिने सगळं शिकवल्याप्रमाणे केलं. पुढे झुकली, गप्प राहिली, पाण्याचा पेला सरकवला. आणि मनात विचार केला, की याच्या शर्टाचं वरून दुसरं बटण वेगळ्या रंगाचं आहे. असल्या बाईने कुणाला मदत करायची? ती स्वतःलाच विचारायची, आणि या प्रश्नानेही तिला काही वाटायचं नाही.

पुढे दुकान आणि मागे घर. दुकानात बाबांचं मशीन, कापायचं मोठं टेबल, भिंतीला खिळ्यांवर टांगलेले कागदी नमुने आणि कोपऱ्यात कपडे घालून बघायची पडद्याची खोली. पंखा मात्र दुकानात कधीच नव्हता. पंख्याने कागद उडतात, बेतलेले तुकडे सरकतात, दोरा भलतीकडे जातो. उन्हाळ्यात गिऱ्हाईक घामाघूम व्हायचं. बाबा म्हणायचे, "घाम पुसता येतो हो. चुकलेलं कापड पुसता येत नाही." त्या सवयीने ते घरातही पंख्याखाली बसायचे नाहीत.

आता त्यांचा पलंग दुकानातच टाकला होता, आणि मामाने मौनगुरूंच्या सांगण्यावरून बरोब्बर त्याच्या वर छताला नवा पंखा बसवून दिला होता. तो दिवसरात्र पूर्ण वेगात फिरायचा. नमुने फडफडायचे. आईने ते एकदा गुंडाळून ट्रंकेत टाकले.

सुरुवातीला रुग्णालयातून वाचाउपचाराच्या बाई यायच्या. पोक्त, सावकाश बोलणाऱ्या. त्यांनी बाबांना एवढंच शिकवलं होतं, हो म्हणायचं असेल तर डावा अंगठा वर, नाही म्हणायचं असेल तर खाली. एकेका उत्तराला बाबांना बराच वेळ लागायचा. कधी चुकायचेही, मग वैतागून भिंतीकडे तोंड करायचे. "चुकू देत," बाई म्हणायच्या. "मेंदू नवी वाट शोधतोय. या महिन्यांत जेवढं कराल तेवढं मिळेल."

पण आईचा धीर सुटला. जन्मभर ज्याच्याशी बोललो त्याने नुसता अंगठा दाखवायचा? मामा तिला मौनगुरूंकडे घेऊन गेला. गुरू म्हणाले, अंगठा हे अहंकाराचं बोट आहे, ते बांधल्याशिवाय आतला माणूस बाहेर येणार नाही. वाचाउपचाराच्या बाईंना येऊ नका म्हणून सांगण्यात आलं. आईने गुरूंच्या वर्गात हात धरायचं शिक्षण घेतलं, आणि मग घरीही तर्जनी फिरायला लागली. दुपारी कामं आटोपली की आई पाटी घेऊन बसायची आणि दोघं तासन्‌तास 'बोलायची'. आईच्या चेहऱ्यावर पुन्हा रंग आला. ती केस विंचरायला लागली. टाचणीला हे सगळं दिसत होतं, आणि म्हणूनच ती गप्प होती.

गप्प राहणं अवघड झालं ते त्या सभेनंतर. सभेच्या शेवटी गुरूंच्या हाताच्या आधाराने तर्जनीने लिहिलं, मला मौनगृहात ने. मौनगृह म्हणजे गावाबाहेरचं गुरूंचं निवासस्थान. तिथे पाहुण्यांना मनाई, औषधोपचार 'आवश्यक तेवढेच', आणि दर सभेला व्यासपीठावर बसायला एक खात्रीचा माणूस. दुसऱ्या दिवशी आईच्या हाताच्या आधारानेही तेच वाक्य उमटलं.

"बघ, दोन्हीकडे एकच," आई म्हणाली. "रविवारी मामा गाडी घेऊन येतोय."

"आई, तुला करमेल त्यांच्याशिवाय?"

"मला विचारतेस? त्यांना जायचंय, तर मी कोण अडवणारी?" तिने डोळे पुसले. "मी नको म्हणून सांगून पाहिलं. तर लिहितात कसे, मोह सोड."

*

विद्यापीठातल्या मॅडमची खोली म्हणजे पुस्तकांच्या ढिगाऱ्यात ठेवलेल्या दोन खुर्च्या. मॅडम फटकळ होत्या. पहिल्याच वर्गात त्यांनी सगळ्यांना एक नियम घालून दिला होता. आधी दिसलं ते सांगा, वाटलं ते नंतर. कुणी 'तो माणूस दुःखी होता' म्हणालं की त्या विचारायच्या, "दुःख कुठे ठेवलं होतं त्याने? खिशात? काय दिसलं ते बोल."

"मॅडम, मी हे शिक्षण सोडावं म्हणते," टाचणी म्हणाली. "मला कशाचंच काही वाटत नाही. वडिलांचंही नाही. मी कुणाला काय मदत करणार?"

"वाटायला लागलं की ये, मग सोड," मॅडम म्हणाल्या. "झेपत नाही तेव्हा मन फ्यूज काढून ठेवतं. त्यात लाजण्यासारखं काही नाही. लांबलं तर मात्र तू स्वतः कुणाकडे तरी जायचंस, ते मी सांगते कोणाकडे. आता तुला काय दिसलं ते बोल."

तिने सांगितलं. पट्टी, पाटी, तळवा. बोट पाटीवर आणि डोळे पंख्यावर.

मॅडमनी हातातलं पुस्तक मिटलं. मग म्हणाल्या, "समोरच्या फळ्यावरचं एक अक्षर डोळे छताला लावून दाखव बघू."

तिने प्रयत्न केला. बोट फळ्याच्या चौकटीवर आपटलं.

"जगात कुणालाच जमत नाही," मॅडम म्हणाल्या. "बोटाला डोळे नसतात. पाटीकडे बघत कोण होतं?"

"गुरू," ती म्हणाली. "आणि घरी आई."

"गुरूचं सोड, त्याला माहीत असेल किंवा नसेल. आईला मात्र माहीत नाही, हे नक्की." मॅडमनी चष्म्याची दोरी काढली, तिच्या टोकाला किल्ली बांधली आणि दोरीचं दुसरं टोक टाचणीच्या चिमटीत दिलं. "हात स्थिर ठेव. किल्ली गोल फिरतेय असा नुसता विचार कर."

ती हात हलवत नव्हती, अगदी शपथेवर. तरी थोड्या वेळाने किल्ली डुलायला लागली आणि मग चक्क गोल फिरायला लागली.

"मनात आलं की स्नायू हलतात. इतके बारीक, की हलवणाऱ्यालाच पत्ता लागत नाही," मॅडम म्हणाल्या. "तुझी आई खोटं बोलत नाहीये. तिला जे ऐकायचंय आणि ज्याची भीती वाटतेय, ते तिचा हात लिहितोय."

"मग मी परीक्षा घेते. एक वस्तू बाबांना दाखवायची, दुसरी आईला."

"घे. पण आधी विचार."

"आईला?"

"दोघांना. ते तुझ्या प्रयोगातले उंदीर नाहीत. वडील आहेत तुझे."

"त्यांना कसं विचारू? त्यांना बोलताच..." ती मध्येच थांबली. तिला पट्टीच्या आत गुंडाळलेला अंगठा आठवला.

*

रविवारी सकाळी आई मागच्या खोलीत बाबांची पिशवी भरत होती. टाचणी पलंगाशी बसली आणि पट्टी सोडायला लागली. पट्टी बरीच लांब होती. आतून अंगठा निघाला तो पांढराफटक, कडेने वळ उमटलेले. तिने तो आपल्या तळव्यात धरून चोळला. पंख्याच्या वाऱ्याने पट्टीचं टोक फडफडत राहिलं.

"बाबा, मी टाचणी. माझं बोलणं कळतंय का?"

बराच वेळ काही झालं नाही. बाबांच्या कपाळावर आठ्या पडल्या. मग अंगठा थरथरत, अडखळत वर आला.

"मला तुमची आणि आईची एक परीक्षा घ्यायचीय. पाटीवर खरंच तुम्ही लिहिता का ते बघायला. घेऊ?"

या वेळी अंगठा जरा लवकर वर आला. आणि वरच राहिला.

"पट्टी का सोडलीस?" आई दारात उभी होती.

"आई, मी तुला फसवणार नाही, आधीच सांगते," टाचणी म्हणाली. "मी बाबांना पडद्याआड एक वस्तू दाखवणार. मग तुलाही एक दाखवणार. कधी तीच असेल, कधी वेगळी. मग तू हात धर आणि बाबांना विचार, काय पाहिलंत. एवढंच."

"आणि काय होणार त्याने?"

"बाबा लिहीत असतील तर त्यांनी पाहिलेलं लिहितील. मग मी स्वतः गाडीत पिशवी ठेवते."

आईला यात गैर काही दिसलं नाही. तिची खात्रीच होती. तिने पट्टी पुन्हा गुंडाळली.

चाकाच्या खुर्चीत बसवून टाचणीने बाबांना पडद्याच्या खोलीत नेलं आणि कात्री दाखवली. आईलाही कात्रीच दाखवली. पाटीवर तर्जनी झरझर फिरली. कात्री. आईने विजयी मुद्रेने मुलीकडे पाहिलं.

मग बाबांना मोजमापाची टेप दाखवली आणि आईला बटण. तर्जनी तेवढ्याच झपाट्याने निघाली. बटण.

"बरोबर ना?" आई म्हणाली.

टाचणीने टेप टेबलावर ठेवली. आईने टेपकडे पाहिलं, मग पाटीकडे.

"थकले असतील. पुन्हा कर."

पुन्हा केलं. बाबांना खडू, आईला दोऱ्याचं रीळ. पाटीवर रीळ. बाबांना सुई, आईला कात्री. पाटीवर कात्री. दोघांना एकच दाखवलं की पाटी बरोबर, वेगळं दाखवलं की पाटीवर आईने पाहिलेलं. शेवटी शेवटी आईला अक्षरं नीट लागेनात.

तिने हात काढून घेतला. बाबांचं मनगट पाटीवर आपटलं आणि तसंच पडून राहिलं. एक अक्षरही पुढे सरकलं नाही.

"मी हलवत नाही गं," आई म्हणाली. "देवाशपथ, मी हलवत नाही."

"तुला कळत नाही, आई. कुणालाच कळत नाही. माझ्या हातानेही हलवलं होतं, मॅडमच्या खोलीत."

आई स्टुलावर बसली. तिचं तोंड एकदम म्हातारं दिसायला लागलं. "मग इतक्या सगळ्या दुपारी मी कुणाशी बोलत होते?"

अशा वेळी काय बोलायचं हे टाचणीला शिकवलं होतं. घाईने सांत्वन करायचं नाही, खोटा दिलासा द्यायचा नाही. तिने दोन्हीही केलं नाही, पण त्याचं कारण शिक्षण नव्हतं. तिच्याजवळ द्यायला काही नव्हतंच. तिने फक्त पट्टी सोडली आणि टेबलावरच्या वस्तू एका ताटात मांडून बाबांसमोर धरल्या.

"बाबा, शेवटी मी तुम्हाला काय दाखवलं होतं?"

बाबांचे डोळे पंख्यावरून खाली आले. ताटावरून फिरले. डावा हात उचलला गेला, कात्रीवरून पुढे गेला, बटणावरून पुढे गेला आणि सुईच्या पाकिटावर पडला.

आईने तोंडाला पदर लावला. "हे आहेत," ती म्हणाली. "हे खरंच आहेत आत."

*

गाडी आली तेव्हा दुकानासमोर गर्दी जमली. मामा, पाच-सहा शिष्य, सभेतल्या रुमालवाल्या बाई आणि रस्त्यावरची रिकामटेकडी मंडळी. मौनगुरू आत आले आणि त्यांनी प्रथम पंख्याकडे समाधानाने पाहिलं. मग त्यांचं लक्ष उघड्या हाताकडे गेलं.

"मौनबंध कुणी सोडला?"

"गुरुजी, एक विनंती होती," आई म्हणाली. तिचा आवाज बारीक पण ठाम होता. "ह्यांना मी आत्ता पडद्याआड एक वस्तू दाखवून आणते. तुम्ही हात धरा आणि ह्यांच्याकडून तेवढं लिहून घ्या. मग खुशाल घेऊन जा."

"ताई, परीक्षा घेतली की मौन रुसतं."

"रुसलेलं मीही खूप पाहिलंय, गुरुजी. समजूत काढू आपण."

रस्त्यावरची मंडळी हसली. गुरूंना मागे हटता येईना. त्यांनी पट्टी गुंडाळली, तळवा मनगटाखाली धरला. तर्जनी जरा घोटाळली आणि मग निघाली. मला प्रेम दिसलं.

"प्रेम दुकानात आहे बरंच," आई म्हणाली, "पण दाखवलं होतं ते बटण."

"बटण जोडतं, प्रेमही जोडतं," गुरू म्हणाले. "आत्मा सूचक बोलतो."

"हे सूचक बोलणारे नव्हेत हो. हे जन्मभर इंचात बोललेत. पुन्हा दाखवू का?"

दुसऱ्यांदा पाटीवर 'प्रकाश' उमटला. वस्तू होती खडू. तिसऱ्या वेळी गुरूंनी हात झटकला आणि घरात नकारात्मक हवा भरली असल्याचं जाहीर केलं. पंखा तर पूर्ण वेगात होता, तेव्हा ती हवा आली कुठून, असं रुमालवाल्या बाईंनी अगदी निरागसपणे विचारलं.

टाचणी तोवर दोऱ्याचे तुकडे तोडून प्रत्येक तुकड्याला बटण बांधत होती. पंख्याचा वारा लागू नये म्हणून तिने सगळ्यांना बाहेर, भिंतीच्या आडोशाला उभं केलं आणि प्रत्येकाच्या चिमटीत दोरा दिला. "हात हलवू नका. बटण गोल फिरतंय असा फक्त विचार करा."

बटणं डुलायला लागली. मामाचं तर असं फिरायला लागलं की तो घाबरून म्हणाला, "मी काही करत नाहीये हं."

"तुझाच हात करतोय, मामा, तुझ्या नकळत. पाटीवर हेच होतं. आईचा हात आईच्या मनातलं लिहायचा, गुरूंचा गुरूंच्या मनातलं. त्यांना हे माहीत आहे की नाही, ते त्यांना विचार. पण बाबांनी त्या पाटीवर कधी एक अक्षर लिहिलेलं नाही. ते पाटीकडे बघतसुद्धा नव्हते." तिचा आवाज सपाट होता, धडा वाचून दाखवावा तसा. "सभेत एवढी माणसं होती. सगळ्यांनी बोट पाहिलं. एकाने जरी बाबांच्या तोंडाकडे बघितलं असतं तरी कळलं असतं. श्रद्धा ठेवा, नका ठेवू, तुमचा प्रश्न. पण कुणी दुसऱ्याच्या वतीने बोलायला लागला की आधी त्या दुसऱ्याला विचारा. आणि विचारायची सोय कुणी बांधून ठेवली असेल, तर ती का बांधली हेही विचारा."

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. दोन शिष्यांनी तिला मूर्ख ठरवून गाडी गाठली. रुमालवाल्या बाई बराच वेळ दोरा धरून उभ्या होत्या. त्यांचा मुलगाही बोलत नव्हता, आणि त्यांच्या घरीही एक पाटी होती.

आत आईने बाबांची पट्टी सोडली आणि कचऱ्याच्या डब्यात टाकली. "अहो, मौनगृहात जायचंय का तुम्हाला?"

अंगठा खाली गेला. इतका खाली की मनगटही वळलं.

"तो अहंकार बोलतोय, ताई," दारातून गुरू म्हणाले.

"असू दे," आई म्हणाली. "त्यांचाच आहे ना."

गाडी गुरूंना घेऊन गेली. मामा मागे राहिला. त्याच्या चिमटीत अजून बटण होतं, आणि ते कुठे ठेवावं हे त्याला सुचत नव्हतं. टाचणीने वाचाउपचाराच्या बाईंना फोन लावला. त्या रागावल्या नाहीत, उद्या येते म्हणाल्या.

बाबांना पलंगावर निजवून आई त्यांच्याशेजारी बसली. पाटीशिवाय कसं बोलायचं हे तिला पुन्हा शिकायचं होतं, त्यामुळे ती जरा लाजल्यासारखी झाली होती. "चहा हवाय?"

अंगठा खाली.

"पाणी? उशी वर करू? कूस बदलायचीय?"

खाली. खाली. खाली. बाबांच्या कपाळावर आठ्या जमा झाल्या. पण या वेळी ते भिंतीकडे वळले नाहीत. त्यांनी डोळे वर नेले आणि तिथेच रोखून धरले.

टाचणी ती नजर ओळखत होती. सभागृहातही ती तशीच वर लागलेली होती, सगळे तर्जनीकडे बघून रडत होते तेव्हा.

"बाबा," ती म्हणाली, "पंखा बंद करू?"

अंगठा वर आला. हलला, डगमगला, पण वरच राहिला. आईने कपाळावर हात मारून घेतला. महिनाभर हा माणूस थंडीने कुडकुडत होता आणि पाटीवर लिहिलं जात होतं, मी प्रकाशात आहे.

आई उठली आणि तिने बटण दाबलं. पंख्याची पाती मंदावली, एकेक दिसायला लागली आणि थांबली. खोलीत शांतता झाली. मामाने ट्रंकेतून नमुने काढले आणि खिळ्यांवर टांगले. ते हलले नाहीत. बाबांनी डोळे मिटले.

टाचणीने त्यांच्या अंगावर पांघरूण ओढलं. ते करताना तिला जाणवलं, की तिचे हात बर्फासारखे गार पडले आहेत आणि तिलाही इतके दिवस थंडी वाजत होती. तिने पांघरुणाचं एक टोक आपल्या पायांवर घेतलं आणि ती तिथेच बसून राहिली.